राँदेव्हू विथ रामा : कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचायची कादंबरी

कडीच्या डब्यात अर्धा लिटर पाणी घ्यायचं, झाकण लावायचं नाही, आणि अंगणात उभं राहून डबा गरगर फिरवायचा. डबा डोक्यावर उलटा आला तरी पाणी सांडत नाही. गणित-विज्ञान शिकवत होते तोवर दरवर्षी नववीच्या मुलांना मी हे करून दाखवायचे, आणि दरवर्षी पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकायची. आर्थर सी. क्लार्क यांनी १९७३ साली अशाच एका डब्यात अख्खं जग बसवलं. डबा ५० किलोमीटर लांब, २० किलोमीटर रुंद, आतून पोकळ, अंतराळात स्वतःभोवती फिरणारा. डब्याची आतली भिंत हीच तिथली जमीन. त्या जमिनीवर मैदानं आहेत, शहरांसारखं काहीतरी आहे, आणि कमरपट्ट्यासारखा गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळणारा एक समुद्र आहे. कादंबरीचं नाव 'राँदेव्हू विथ रामा'. राँदेव्हू म्हणजे ठरवून घेतलेली भेट. अंतराळयानांच्या भाषेत, दोन यानांनी वेग जुळवून एकमेकांजवळ येणं.

मी ती यंदा तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना कोल्हापूरला, दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यावर. या खेपेला मात्र पाच जणांनी मिळून वाचली, आणि पाच जणांची मतं पाच तऱ्हेची निघाली. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं वाचन एका फोनने सुरू झालं. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "बाई, तुम्ही वर्गात त्यांची एक गोष्ट वाचून दाखवली होती. ते पुस्तक आहे का अजून?" पुस्तक होतं. तो आला, बसला, दोन गोष्टी मोठ्याने वाचून झाल्या तरी उठेना. पुढच्या रविवारी शेजारचे काका आले. त्यांची सगळी नोकरी कोयनेच्या वीजकेंद्रात गेली. मग माझी मैत्रीण आली, ती सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली आहे. पाचवी माझी भाची. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, एक रविवार सोडून कराडला येते आणि यायला जमलं नाही तर फोनवरून हजर असते. नारळीकरांच्या कथा संपल्यावर त्यांच्या गुरूंकडे जायचं ठरलं. केंब्रिजला नारळीकरांनी ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं ते फ्रेड हॉइल स्वतः कादंबऱ्या लिहीत. त्यांची १९५७ ची 'द ब्लॅक क्लाउड' आम्ही वाचली. ती चालू असतानाच जुलैच्या सुरुवातीला बातमी आली, की चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेली एक वस्तू दिसली आहे. अशी ही तिसरी. २०१७ ची ओमुआमुआ पहिली, २०१९ चा बोरिसोव्ह धूमकेतू दुसरा. काका म्हणाले, "बाहेरून कोणी आलंय म्हटल्यावर आता रामाच वाचायला पाहिजे." माझी जुनी, पिवळ्या पानांची प्रत कपाटातून बाहेर आली. छोटी छोटी ४६ प्रकरणं आहेत. दर रविवारी तीन वाचायची, असा नेम धरला.

गोष्ट २१३१ साली सुरू होते. त्याआधी, २०७७ मध्ये, इटलीवर एक प्रचंड उल्का कोसळून पादुआ आणि व्हेरोना नष्ट झालेली आहेत, व्हेनिस समुद्रात गेलं आहे. पुन्हा तसं होऊ नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी 'स्पेसगार्ड' नावाची यंत्रणा उभी राहिली आहे. (१९९२ साली पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांच्या शोधाचा आराखडा नासासाठी तयार झाला, तेव्हा त्याला या कादंबरीवरूनच 'स्पेसगार्ड' हे नाव दिलं गेलं. कादंबरीतली कल्पना सरकारी कागदावर जाऊन बसली, याचा मला फार आनंद वाटतो.) तर या पहाऱ्यात दूरवरून येणारी एक वस्तू सापडते. ग्रीक आणि रोमन देवांची नावं वापरून वापरून कधीच संपलेली असतात आणि खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांपर्यंत पोचलेले असतात, म्हणून तिचं नाव पडतं 'रामा'. तिच्या जवळून जाऊन छायाचित्रं घेण्यासाठी जे छोटं यान सोडतात त्याचं नाव सीता. हे वाचल्यावर मैत्रीण म्हणाली, "राम पुढे आणि सीता मागून. वनवासच आहे की गं हा." आमच्यापैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं, आणि पुढचं सगळं पुस्तक मी तिचं हे वाक्य मनात ठेवूनच वाचलं.

रामा चार मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेते. एवढा मोठा दगड इतक्या जोराने फिरला तर त्याच्या ठिकऱ्या उडतील, म्हणजे हा साधा दगड नव्हे, इतकं शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं. सीतेने पाठवलेल्या छायाचित्रात दिसतं ते कोणीतरी घडवलेलं, लेथवर काढल्यासारखं गुळगुळीत नळकांडं. त्याला गाठू शकेल असं एकच यान तेवढ्यात हाताशी असतं, 'एन्डेव्हर'. त्याचा कप्तान नॉर्टन आणि त्याची माणसं रामाच्या टोकावर उतरतात, एकामागे एक अशा तीन दारांतून आत शिरतात. आत काळोख. रामा सूर्याच्या फार जवळ पोचेपर्यंतच त्यांना आत राहता येणार, कारण पुढे सूर्याजवळचा ताप त्यांच्या यानाला सोसणारा नाही. कथानक एवढंच. खलनायक नाही, प्रेमकथा नाही, खून नाही.

आता पेन्सिल. आतल्या बाजूने रामाची रुंदी १६ किलोमीटर आहे, म्हणजे त्रिज्या ८. परीघ काढला तर ५० किलोमीटरच्या थोडा वर येतो. हे अंतर चार मिनिटांत तोडायचं म्हणजे सेकंदाला सुमारे २०९ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे नववी-दहावीचं सूत्र. उत्तर येतं ५.४८. पृथ्वीवर ९.८ असतं, म्हणजे रामाच्या मैदानावर उभं राहिलं तर आपलं वजन इथल्या निम्म्याहून थोडं जास्त भरेल. माझे ६० किलो तिथे साडेतेहतीस किलोंसारखे वाटतील. विद्यार्थ्याने हे गणित माझ्या प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर केलं, काकांनी तपासलं, आणि त्या दिवसापासून आमच्या वाचनाचा रंग पालटला. क्लार्क जे सांगतात ते खरं मानायची गरजच नाही, आपण ते करून बघू शकतो, हे पोराच्या ध्यानात आलं. मला विज्ञानकथेकडून हेच हवं असतं. जादूगार टोपीतून ससा काढतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. इथे टोपी आपल्या हातात दिलेली आहे.

मग पायऱ्या येतात. नळकांड्याच्या टोकाच्या मध्यबिंदूला, जिथे वजन शून्य, तिथून माणसं आत येतात. खाली मैदान आठ किलोमीटरवर. उतरायला आधी शिडी, मग हजारो पायऱ्यांचे तीन जिने, तीन दिशांना. उतरताना दर पावलागणिक वजन वाढत जातं, कारण आसापासून दूर जाऊ तसा जोर वाढतो. निम्म्या वाटेवर पृथ्वीच्या पाव भागापेक्षा जरा जास्त, तळाला निम्म्याहून जास्त. याची उलटी बाजू मैत्रिणीला आधी दिसली. आमच्या सदाशिवगडावर चढताना प्रत्येक पायरीला दम लागत जातो, वर पोचेपर्यंत पाय लटपटतात. रामात चढताना सुरुवात जड, आणि जसजसं वर जावं तसतसं अंग हलकं होत जातं. दमलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यात आधार मिळतो. "माझ्या गुडघ्यांना तिथे बरं वाटेल," असं ती म्हणाली, आणि चाळीस वर्षं वॉर्डात उभ्याने काढलेली बाई हे बोलते तेव्हा त्याचं वजन मला कळतं.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही समुद्रापाशी थांबलो. तीन रविवार.

माणसं प्रथम आत जातात तेव्हा तो समुद्र गोठलेला असतो. ताऱ्यांमधल्या थंडीतून इतका काळ आलेला, दुसरं काय होणार. रामा सूर्याकडे सरकते तसं बाहेरचं कवच तापतं, ती ऊब हळूहळू कवचातून आत झिरपते, आणि बर्फ खालून वितळायला लागतं. तळ्यातलं बर्फ वरून वितळतं हे आपल्याला ठाऊक. इथे ऊब जमिनीखालून येते, म्हणून उलटं. बर्फच कशाला, मैदानावरची हवाही तापते, हलकी होऊन आसाकडे निघते. पण मैदानावरची हवा मैदानाबरोबर सेकंदाला दोनशे मीटरने फिरत असते, आणि आसाजवळची जवळपास स्थिर. तो सगळा वेग अंगात घेऊन हवा वर निघाली, की वादळ. हे वादळ येणार असा इशारा आधी मिळतो आणि नॉर्टन आपली माणसं वेळेवर बाहेर काढतो. कोणी राक्षस येत नाही, कोणी हल्ला करत नाही. फक्त तापलेली हवा वर जाते, आणि ती पानं वाचताना छाती धडधडते.

आणि आता तो कडा. समुद्राच्या उत्तरेकडच्या काठाला ५० मीटर उंचीचा कडा आहे. दक्षिणेकडच्या काठाला ५०० मीटरचा. एकाच समुद्राचे दोन काठ, मध्ये १० किलोमीटर पाणी, आणि उंचीत दहा पट फरक. का? पुस्तकात याचं उत्तर पुढे मिळतं. मी मुद्दाम पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आठवडाभर विचार करा.

पुढच्या रविवारी काका आले ते थेट स्वयंपाकघरात. "बाई, मोठी परात द्या." परातीत दोन बोटं पाणी घेतलं, ओट्यावर ठेवली, आणि एका बाजूने झटकन पुढे ओढली. पाणी मागच्या काठावर चढलं आणि ओट्यावर सांडलं. काका म्हणाले, "बघा. ही परात कुठल्या बाजूला जाणार हे ज्याने बनवली त्याला माहीत होतं. म्हणून मागचा काठ उंच ठेवलाय." बाहेरून रामाला इंजिन दिसत नाही, धूर नाही, नळ्या नाहीत. पण हा समुद्र सांगतो, की हे यान वेग घेऊ शकतं, आणि कोणत्या दिशेने ते सुद्धा. कोयनेच्या धरणापाशी आयुष्य काढलेल्या माणसाने ५०० मीटरचा आकडा वाचला आणि पाण्याच्या रेट्यातून यानाचं मन वाचलं. माझी दोन वाचनं झाली होती, पण परातीतलं ते पाणी बघेपर्यंत हा भाग मला असा भिनला नव्हता. मग आम्ही उतारही काढला. मधल्या रेषेपासून काठापर्यंत ५ किलोमीटर, चढाव जास्तीत जास्त ५०० मीटर, म्हणजे दहास एक. त्याहून जोरात रामाला पळता येणार नाही, नाहीतर समुद्र कडा ओलांडून मैदानात शिरेल.

जिमी पाक हा पोरगेला खलाशी पायाने चालवायचं हलकं विमान घेऊन आसालगत, जिथे वजन नाही, तिथून दक्षिण टोकापर्यंत उडत जातो, ते प्रकरण माझ्या विद्यार्थ्याला तोंडपाठ झालं आहे. तिथली शिंगांसारखी प्रचंड टोकं, त्यांतून होणारा विजेचा लोळ, विमान मोडून खाली पडणं. आणि मग एकट्याने त्या परक्या जमिनीवर फिरताना त्याला सापडलेलं एक फूल. एकच. ते तोडावं की नाही, असा त्याच्या मनात गोंधळ होतो, आणि तो ते तोडतो. यावर मैत्रीण आणि भाची यांचं चांगलंच वाजलं. भाचीचं म्हणणं, मोहिमेवरचा माणूस नमुना आणणारच. मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्याच्या अंगणातलं एकुलतं एक फूल आहे ते." मला मैत्रिणीचं पटतं. पण क्लार्कनी जिमीच्या मनातली चुटपुट लिहिली, ती लपवली नाही, म्हणून मला तो परिच्छेद प्रिय आहे. परतताना जिमी त्या ५०० मीटरच्या कड्यावरून समुद्रात उडी घेतो, अंगातला शर्ट काढून डोक्यावर छत्रीसारखा धरून. ती उडी का जिवावर बेतत नाही हे पुन्हा त्या निम्म्या वजनाच्या गणितात आहे.

आता दोष, आणि ते लहान नाहीत.

भाचीने पहिल्याच महिन्यात विचारलं, "मावशी, यातल्या दोन माणसांत फरक काय आहे सांग बरं." मला सांगता आलं नाही. नॉर्टन शांत आणि जबाबदार आहे, कप्तान कुकचा भक्त आहे, त्याची एक बायको पृथ्वीवर आणि एक मंगळावर आहे. इतरांना एकेक कसब दिलेलं आहे. पुस्तक मिटल्यावर त्यांच्यातल्या कोणाची आठवण येत नाही, कोणाची काळजी लागून राहत नाही. भाचीचं आवडतं पुस्तक अँडी वीअर यांचं 'द मार्शन'. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवून तग धरतो, त्याची गोष्ट. वीअरनी ते आधी स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट टाकलं होतं. तिच्या मते गणित तिथेही पानापानावर आहे, पण ते करणारा माणूस जगावा असं आपल्याला वाटत राहतं. हे तिचं म्हणणं खरं आहे आणि मी ते मान्य केलं. रामा वाचताना आपण माणसांसाठी जीव टाकत नाही. जीव टाकतो तो त्या जागेसाठी.

दुसरा दोष मला जास्त खुपतो. अकराव्या प्रकरणात वजनरहित अवस्थेत स्त्रियांच्या शरीराचं काय होतं आणि त्याने पुरुषांचं लक्ष कसं विचलित होतं, अशा अर्थाचा मजकूर आहे, आणि स्त्रियांना यानावर घ्यावंच का इथवर नॉर्टनचं मन जातं. कॉलेजात असताना मी तो परिच्छेद मान खाली घालून ओलांडला होता. या वेळी मोठ्याने वाचायची पाळी माझी होती. मी तो पूर्ण वाचला. विद्यार्थी गप्प झाला. मैत्रीण म्हणाली, "याच यानावर डॉक्टर बाई आहे ना?" आहे. लॉरा अर्न्स्ट, यानाची मुख्य डॉक्टर, आणि नॉर्टन तिच्या शब्दाबाहेर नसतो. समुद्रावर तराफा नेणारी सार्जंट रूबी बार्न्स हीसुद्धा बाईच. म्हणजे क्लार्कना बायकांच्या हाती काम सोपवता येत होतं, आणि तरी त्यांच्या लेखणीतून ती वाक्यं उतरली. दीडशे वर्षं पुढचं जग रचणाऱ्या माणसाने त्या एका पानावर स्वतःच्या काळाची खोली सोडली नाही. मुलींना हे पुस्तक देताना मी हे आधी सांगून देते, आणि देते जरूर.

'द ब्लॅक क्लाउड' नुकतीच वाचलेली असल्यामुळे दोन्हींची तुलना आपोआप होत गेली. हॉइल यांच्या कादंबरीत वायूचा एक अवाढव्य काळा ढग सूर्यापाशी येऊन थांबतो, ऊन अडवतो, पृथ्वीवर हाहाकार होतो. मग कळतं की ढग जिवंत आहे, बुद्धिमान आहे, आणि ग्रहाच्या पाठीवरही विचार करणारे जीव असू शकतात याचं त्यालाच आश्चर्य वाटतं आहे. शास्त्रज्ञ त्याच्याशी बोलतात. राज्यकर्ते त्याच्यावर हायड्रोजन बॉम्ब सोडतात. रामातही बुध ग्रहावर वसलेली माणसं घाबरून रामाकडे अण्वस्त्र पाठवतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, तो भाग वाचायलाच हवा. दोन्ही लेखकांनी माणसाचं भय एकाच ठिकाणी नेऊन ठेवलं आहे. फरक आहे तो समोरच्याचा. ढग बोलतो. रामा एक शब्द बोलत नाही. तीन पायांचे यंत्रप्राणी आपापली कामं करत हिंडतात, दिवे लागतात, समुद्र जागा होतो, पण हे कोणी बांधलं, कुठून पाठवलं, कशासाठी, याचं उत्तर कोणी देत नाही. आत शिरलेल्या माणसांची दखल घ्यावी असंही रामाला वाटत नाही.

विद्यार्थ्याची निराशा इथेच झाली. "बाई, इतकं सगळं बघितलं आणि ते लोक कसे दिसतात तेही नाही कळलं?" काकांना हेच आवडलं. मी दोघांच्या मध्ये बसले होते, पण माझं मत पहिल्या वाचनापासून एकच आहे, आणि तिसऱ्या वाचनाने ते घट्ट झालं. सूर्य हा रामाच्या वाटेवरचा एक थांबा आहे. आपल्या अंगणातून कोणी प्रवासी गेला, विहिरीवर पाणी प्यायला आणि पुढे चालता झाला. त्याचं गाव आपल्याला कळलं नाही म्हणून त्याचं येणं खोटं ठरत नाही. उलट आपलं अंगण केवढं लहान आहे हे त्या दिवशी कळतं. क्लार्कना शेवटी दोन पानं खरडून सगळा उलगडा करता आला असता. त्यांनी तो मोह टाळला. म्हणून पन्नास वर्षांनी पाच माणसं ओट्यावर पाणी सांडत बसली.

उत्तरं पाहिजेतच अशांसाठी पुढचे भाग आहेत: 'रामा टू' (१९८९), 'द गार्डन ऑफ रामा' (१९९१) आणि 'रामा रिव्हील्ड' (१९९३), तिन्ही जेन्ट्री ली यांच्यासोबत लिहिलेले. मी पहिला भाग पुरा केला, दुसरा अर्ध्यात ठेवला. माणसांची भांडणं आली, कारस्थानं आली, आणि ती शांतता गेली. भाचीला कदाचित ते जास्त आवडतील. मी तिला थांबवणार नाही. पण मूळ पुस्तक वाचून निदान महिनाभर तरी पुढे जाऊ नका, इतकंच सुचवते.

इंग्रजीबद्दल काही जण विचारतात. आमचा विद्यार्थी मराठी माध्यमातला. सुरुवातीला तो अडखळला, मग नाही. क्लार्क यांची वाक्यं छोटी आणि सरळ आहेत, अलंकार जवळजवळ नाहीत, प्रकरणं चार-पाच पानांची. अडते ती भाषा नाही, दिशा अडते. वर कुठे, खाली कुठे, उत्तर कुठली, समुद्र डोक्यावर कसा. यावर माझा उपाय असा: बिस्किटांचा रिकामा गोल डबा घ्यावा आणि त्यात आतून कागदाची पट्टी चिकटवावी. पट्टीवर समुद्र निळा रंगवावा, दोन्ही कडे काढावे, जिन्यांच्या तीन रेघा ओढाव्यात. पुस्तक संपेपर्यंत तो डबा शेजारी राहू द्यावा. आमचा अजून टीपॉयवर आहे. लांबीचा अंदाज यावा म्हणून त्यावर मी लिहून ठेवलं होतं: एका टोकाला कराड, दुसऱ्या टोकाला सातारा.

कोणाला द्यावं? नववीच्या पुढच्या, गणिताची भीती नसलेल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला. गणिताची भीती असलेल्याला तर आधी द्यावं. यंत्रावर, पाण्यावर, विजेवर ज्यांनी काम केलं आहे अशा निवृत्त माणसांना अवश्य द्यावं, त्यांना यात आपल्याहून जास्त दिसतं. ज्यांना माणसांच्या मनाचे पीळ वाचायचे आहेत त्यांनी दुसरं काही घ्यावं, त्यांचा वेळ जाईल. पुरस्कार म्हणाल तर ह्युगो आणि नेब्युला, दोन्ही मोठे मान या एकाच कादंबरीला मिळाले.

२९ ऑक्टोबरला तो ॲटलासने शोधलेला पाहुणा सूर्याच्या सगळ्यांत जवळ पोचला. तेव्हा तो सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होता, पृथ्वीवरून दिसण्यासारखा नव्हता. २ नोव्हेंबरच्या रविवारी आम्ही शेवटची प्रकरणं वाचली, ज्यांत रामाही सूर्यापाशी जाते. शेवटचं वाक्य वाचायचा मान विद्यार्थ्याला दिला. ते वाक्य इथे लिहीत नाही; तीन या आकड्यावर पहिल्यापासून लक्ष ठेवा म्हणजे झालं. वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही, प्रत उलटी करून पहिल्या कोऱ्या पानावरचं आपलं गणित बघत बसला. काका टीपॉयवरचा डबा उचलून खिडकीपाशी घेऊन गेले, आणि उजेडात धरून आतून फिरवून फिरवून पाहत राहिले.

प्रत सध्या मैत्रिणीकडे आहे. तिला फुलाचं प्रकरण पुन्हा वाचायचं आहे.